आंघोळीचं पाणी कोण तापवतं?

(शहापूर येथे आरोग्य कर्मचारी आणि कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)





मला विषय दिला आहे, ‘महामारीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य आणि त्यातला स्त्री-पुरुष फरक’. निमंत्रण वाचून मी आयोजकांना फोन केला की बाबांनो, मी डॉक्टर नाही आणि मानसोपचाराचा तर मला गंधही नाही. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी आरोग्यसेवक म्हणून, मग आरोग्य सहाय्यक म्हणून. तापाच्या रोग्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या घेणे, विहिरीत टीसीएल टाकलं का ते बघणे, साथ आली की घरोघर फिरणे, हे माझं काम. निम्मी नोकरी शहापुरात झाली, निम्मी मुरबाडला. २०२२ ला निवृत्त झालो. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही बोला. तेव्हा मी जे पाहिलं ते सांगतो आणि मी जे केलं तेही सांगतो. त्यातली एक गोष्ट मला आजही बोचते.

आधी थोडे आकडे. ते माझे नाहीत, जाणकारांचे आहेत. कोरोना सुरू झाला तेव्हा चीनमध्ये ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रश्नावली दिली होती. त्याचा निष्कर्ष मार्च २०२० मध्ये, म्हणजे आपल्याकडे थाळ्या वाजल्या त्याच महिन्यात छापून आला. निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं होती. शंभरात पंचेचाळीसच्या आसपास लोकांत चिंतेची. जास्त त्रास कुणाला? बायकांना, नर्सना आणि पेशंटच्या थेट जवळ काम करणाऱ्यांना. पुढे वेगवेगळे १३ अभ्यास एकत्र करून ३३ हजार लोकांचा हिशोब मांडला गेला. त्यातही हेच, बायकांमध्ये आणि नर्समध्ये प्रमाण जास्त.

हे वाचून एक सोपा अर्थ निघतो. बायका हळव्या असतात, पुरुष खंबीर. आमच्या कार्यालयातही हाच समज होता. माझाही होता. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मार्च २०२० आठवा. शहापूर म्हणजे मुंबई-नाशिक महामार्ग. ट्रेन बंद, एसटी बंद, आणि मुंबई, भिवंडी, ठाण्याहून माणसं पायी निघालेली. कसारा घाटाकडे रांगच्या रांग. डोक्यावर पत्र्याची पेटी, कडेवर पोर, पायात चप्पल असेल तर असेल. आमची माणसं रस्त्याच्या कडेला थर्मल गन घेऊन उभी. त्या बंदुकीने कपाळ मोजायचं, नाव लिहायचं आणि पुढे जाऊ द्यायचं. पाय फुटलेला माणूस पाणी मागायचा, गोळी मागायचा, ‘साहब, आगे गाड़ी मिलेगी?’ असं विचारायचा. आमच्याकडे उत्तर नव्हतं. ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या नाक्यावरचे दोघे-तिघे कुणाला ‘जा’ म्हणायलाच तयार होईनात. रुळाने जाऊ नका, एवढंच सांगत राहायचे.

मुरबाडची तऱ्हा वेगळी. तिथे रेल्वेच नाही. टोकावडे, मोरोशी, माळशेजच्या बाजूला जायचं तर एसटी किंवा जीप. दोन्ही बंद. ज्या सिस्टर कल्याण-बदलापूरहून येऊन-जाऊन करायच्या त्यांनी एक तर उपकेंद्रात मुक्काम ठोकला, नाही तर नवऱ्याच्या, भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून रोज पन्नास-साठ किलोमीटर. शहापूरकडच्यांची कसारा लोकल गेली होती. लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी १५ जूनला सुरू झाली. तोवर जवळजवळ तीन महिने काही जणींनी आपल्या पोराचं तोंड फक्त मोबाइलवर पाहिलं, तेही रेंज मिळाली तर. पुरुष सेवकांचंही तेच झालं, खोटं कशाला बोलू. पण पुरुष घरापासून लांब राहिला तर शेजारीपाजारी म्हणतात, बिचारा ड्युटी करतो. बाई लांब राहिली तर म्हणतात, पोरं टाकून गेली.

आता पाण्याचं. भातसा, तानसा ही धरणं कुठे आहेत हे इथे कुणाला सांगायला नको. मुंबई आपलं पाणी पिते. आणि आपल्या पाड्यांना एप्रिल-मे मध्ये टँकर लागतो. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्हाला सूचना आली की ड्युटीवरून घरी गेल्यावर आधी कपडे बाहेर काढा, गरम पाण्यात भिजत घाला, साबणाने आंघोळ करा, मगच घरात जा. ती सूचना मीच आशांच्या बैठकीत वाचून दाखवली. वाचताना मला त्यात काही अडचण दिसली नाही. दिसणार कशी? मी घरी पोचायचो तेव्हा मागच्या पडवीत चुलीवर पाणी तापलेलं असायचं. बादली, साबण, टॉवेल, लुंगी सगळं ठेवलेलं. माझे कपडे कोण भिजवत होतं, ते पाणी कुणी ओढून आणलं होतं, त्यात तिला लागण झाली असती तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बैठक संपल्यावर दोन आशाताई दाराशी थांबल्या. एकीने विचारलं, “सर, हे पाणी आणायचं कुणी? विहिरीवर गेले तर बाया हंडा भरू देत नाहीत, म्हणतात तू कोरोनावाल्यांच्या घरात जातेस. आणि सासू म्हणते, आंघोळ झाल्याशिवाय घरात येऊ नको.”

मी काय उत्तर दिलं असेल? “बघा काहीतरी मॅनेज करा.”

या एका बादलीत मला पुढे पुष्कळ काही दिसलं. एकाच उपकेंद्रात आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका असतात. दोघांचा पगार साधारण सारखा, पेशंट तेच, भीती तीच. संध्याकाळी सहाला दोघं घरी निघतात. सेवकाचं काम तिथे संपतं. सेविकेचं काम तिथून पुन्हा सुरू होतं. स्वयंपाक, भांडी, पोरांचा मोबाइलवरचा अभ्यास, सासऱ्यांची शुगरची गोळी. शिवाय मनात धाकधूक, की मी घरात काही आणलं तर? आमच्या एका सिस्टरने मला सांगितलं होतं की ती भाकऱ्या थापताना मास्क लावायची आणि मुलाला जवळ घ्यायची नाही. तीन वर्षांचं पोर. ते दाराच्या उंबऱ्यात बसून रडायचं आणि ही चुलीपुढे बसून. पुरुषांनाही ही भीती होती. पण आम्ही पडवीत वेगळे झोपलो की आमचं विलगीकरण पूर्ण व्हायचं. ताट पुढ्यात यायचं. घर चालवणाऱ्या बाईने विलगीकरणात जायचं म्हणजे घर बंद ठेवायचं.

आणि बाळंतपणं काही लॉकडाऊन पाळत नाहीत. वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबं त्या उन्हाळ्यात अर्ध्यावरून परत आली. त्यातल्या कितीतरी बाया गरोदर, ना कार्ड ना सोनोग्राफी. त्यांना शोधायचं, टीटी द्यायचं, रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या की धावायचं, हे सिस्टर आणि आशांकडेच राहिलं. कोरोनाचं काम त्यावर वरून आलं. आमचंही पावसाळ्याआधीचं फवारणीचं, पाण्याचं काम होतंच. पण फवारणी दोन दिवस पुढे ढकलता येते. बाईच्या कळा ढकलता येत नाहीत.

पीपीई किटबद्दल एकच सांगतो. कोविड केअर सेंटरला आणि स्वॅब घ्यायला किट घालावं लागायचं. मे महिन्यात पत्र्याखाली सहा सहा तास. ते एकदा काढलं की परत घालता येत नाही, आणि किट मोजके. म्हणून सिस्टर सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. पाळीच्या दिवसांत काय करायच्या, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, तेही एका आरोग्य सहाय्यिकेने रागावून सांगितलं म्हणून. ड्युटीचा तक्ता मीच बनवत होतो.

आता आशांचं. काही लोकांना अजून वाटतं की आशा ही सरकारी नोकर आहे. ती नाही. २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात आशा आली. नियमच असा की ती गावातलीच बाई हवी. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. म्हणजे जिथे स्त्री-पुरुष तुलना करायची तिथे आधी हे ध्यानात घ्यायला हवं, की खात्यातलं सगळ्यात खालचं, विनापगारी पद नियमाने बाईसाठीच राखलेलं आहे. मग ‘बायकांना ताण जास्त’ असं म्हणायचं, की ‘या पदाला ताण जास्त’? जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा एक अहवाल आहे. जगभरात आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांत सत्तर टक्के बायका आणि वरच्या खुर्च्यांवर जेमतेम पंचवीस टक्के. आमच्या तालुक्याच्या बैठकीत हे आकडे डोळ्यांनी दिसायचे. खुर्च्यांवर आम्ही, सतरंजीवर त्या.

कोरोनाच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये आणि काही पैसे. जून २०२० मध्ये राज्याने जुलैपासून दोन हजार वाढवले. ५० लाखांचा विमा होता, पण तो मेल्यावर. पॉझिटिव्ह येऊन घरी पडलेल्या आशेच्या घरात त्या पंधरा दिवसांत डाळ कुठून यायची, याचं उत्तर विम्यात नव्हतं. त्यात लॉकडाऊनने आसनगावच्या, मुरबाडच्या कंपन्यांत काम करणारे कितीतरी नवरे घरी बसले होते. घरात येणारा एकमेव पैसा आशेचा, तो कधी येईल माहीत नाही, आणि वर टोमणा असा की ‘एवढ्यासाठी मरायला जातेस?’ १५ जून २०२१ ला राज्यातल्या जवळपास सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवड्याभराने दीड हजारांची वाढ मान्य झाली. संपाच्या काळात आमच्या वरिष्ठांपैकी कुणीतरी म्हणालं, ‘यांना आता कशाचं टेन्शन?’ पुढच्या वर्षी २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलं आणि हात जोडलेली चित्रं नुसती वाहत होती.

त्या ग्रुपबद्दलच मला सांगायचं होतं.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं. एका पथकाने दिवसाला पन्नास घरं करायची, तापमान आणि ऑक्सिजन मोजायचा, नोंद करायची. आपल्याकडे पन्नास घरं म्हणजे काय, हे पाडे चढणाऱ्यालाच माहीत. भात कापणीला आलेला, घरं बंद, माणसं शेतात. संध्याकाळी सातला वरून मला विचारणा व्हायची की तुमच्या भागाचे आकडे कुठे आहेत. एका आशेचे आकडे दोन दिवस आले नव्हते. मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर, तिचं नाव घेऊन लिहिलं : ‘काम जमत नसेल तर तसं लेखी द्या. दुसरी बाई बघता येईल.’ त्या ग्रुपवर दीडशे माणसं होती. ती ग्रुपमधून बाहेर पडली. फोन बंद.

दोन दिवस फोन बंदच राहिला तेव्हा मी गाडी काढून गेलो. खरं सांगायचं तर तिची काळजी वाटली म्हणून गेलो नाही, आकडे हवे होते म्हणून गेलो. ती ओट्यावर बसली होती. बाजूला गोठा. गोठ्यात एक बाज आणि दोरीवर तिचे कपडे. एप्रिलपासून ती तिथे झोपत होती. घरात सासरा दम्याचा, त्यामुळे तिचं तिनेच ठरवलेलं. सहा महिने. पावसाळा तिने गोठ्यात काढला होता. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, “सर, झोप येत नाही. रात्रभर घरं मोजते. सकाळी उठवत नाही. विहिरीकडे गेले की वाटतं...” आणि थांबली. मग म्हणाली, “तुम्ही मला फोन केला असता तर मी सांगितलं असतं. ग्रुपवर कशाला लिहिलंत? माझ्या नवऱ्याने वाचलं, दिराने वाचलं.”

‘विहिरीकडे गेले की वाटतं’ याच्या पुढचं वाक्य मी विचारलं नाही. घाबरलो. मी तिच्याकडे ओआरएसची पाकिटं आणि दोन मास्क दिले, हे सांगताना आता हसू येतं. पण परत येताना मी उपकेंद्रात थांबलो आणि सिस्टरला सांगितलं. ती लगेच उठली, पायातली चप्पल बदलली आणि गेली. ती रात्र ती तिच्याकडे ओट्यावर राहिली. ‘विहिरीकडे गेल्यावर काय वाटतं’ हा प्रश्न तिने विचारला. उत्तर ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावून घेतलं, डॉक्टरांना भेटवलं. ती ताई आज बरी आहे. माझ्यामुळे नाही.

तेव्हा माफी मागायला मला शब्द सुचला नाही. निवृत्तीच्या कार्यक्रमात मागितली, दोन वर्षांनी, आणि तीही एकटीला बाजूला घेऊन. ग्रुपवर नाही.

त्या काळात आशांना कामाला लावायची आमची एक पद्धत होती, सावित्रीबाईंचं नाव घ्यायचं. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या कशा उतरल्या, आजारी पोराला पाठीवर घेऊन कशा गेल्या. मीही असं एक भाषण ठोकलं होतं. मागून एक वयस्कर आशा म्हणाली, “सर, त्या त्यातच गेल्या.” सगळ्या हसल्या. मीही हसलो. वाक्य मात्र डोक्यात राहिलं.

आता पुरुषांकडे येतो. मागची रांग चुळबुळ करायला लागली आहे.

दुसरी लाट ओसरल्यावर एका प्रशिक्षणात एक समुपदेशक मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना एक कागद दिला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, आणि शेवटचा प्रश्न, मरून गेलेलं बरं असं वाटलं का. पुरुषांचे कागद दोन मिनिटांत परत गेले. सगळीकडे ‘कधीच नाही’. एकाने तर बाजूच्याचं बघून खुणा केल्या. बायकांना वीस मिनिटं लागली. एकमेकींना विचारत होत्या, ‘हे थकवा म्हणजे रोजचा धरायचा का गं?’ दोघी रडल्या. कागद गोळा झाल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, “बघा, बायकांचंच असतं हे सगळं.”

‘कधीच नाही’ लिहिणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मी रोज पहाटे तीनला जागा होत होतो.

आणि आमच्या रुग्णवाहिकेचा चालक होता. एप्रिल-मे २०२१ मध्ये त्याने ज्या फेऱ्या मारल्या त्या मोजायला नकोत. ऑक्सिजनचा बेड शोधत कधी ठाणे, कधी कल्याण, कधी नाशिक. मागे नातेवाईक फोन लावताहेत, पेशंटचा श्वास ऐकू येतोय आणि हा गाडी हाणतोय. काही वेळा पोचायच्या आधीच मागचा आवाज थांबायचा. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त पेशंट गेले, त्या संध्याकाळी तो टीव्हीसमोर उभा होता. काही न बोलता बाहेर गेला. आम्ही त्याला ‘वाघ’ म्हणायचो. वाघाला कुणी विचारतं का, झोप लागते का रे? तो प्यायला लागला होता हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही म्हणायचो, घेतो थोडी, एवढं काम आहे. एका रात्री त्याने रिकामी गाडी माळशेजच्या रस्त्याला कडेला लावली आणि उजाडेपर्यंत स्टिअरिंग धरून बसून राहिला. हे त्याने नाही, त्याच्या बायकोने सांगितलं. तिला दुसऱ्या एका चालकाने सांगितलं होतं. आणि ती आमच्याकडे आली ती दारू सोडवायला काही गोळी आहे का, हे विचारायला.

त्याच्याही कागदावर ‘कधीच नाही’ होतं.

म्हणून मी त्या आकड्यांबद्दल जरा सावध असतो. बायकांचा त्रास जास्त आहे हे खरंच आहे, का ते मघाशी सांगितलं. पण पुरुषांचा त्रास कागदावर उतरत नाही हेही तितकंच खरं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२० चे आकडे बघा. त्या वर्षी देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात शंभरात एकाहत्तर पुरुष. प्रश्नावलीत जे ठणठणीत असतात, तेच या यादीत जास्त कसे? बाई निदान शेजारणीला सांगते, रडते. पुरुष चिडतो, पितो, गाडी जोरात चालवतो, बायकोवर हात उगारतो. मग त्याचा त्रासही शेवटी तिच्याच खात्यावर जमा होतो.

थोडं माझं. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजच्या बातम्या टीव्हीवर रात्रंदिवस चालू होत्या. ज्या गावात मी वर्षानुवर्षं काचपट्ट्या घेतल्या, जिथल्या लग्नात जेवलो, तिथल्या एका दारात मला विचारलं, “सर, तुम्ही मधे कुठे दिल्लीला वगैरे गेला नव्हता ना?” विचारणारा वाईट माणूस नाही. मी हसून ‘नाही हो’ म्हटलं आणि तापमान मोजलं. रात्री जेवण गेलं नाही. ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला, तबलिगींना बळीचा बकरा केलं असं कोर्टाने म्हटलं, पण तोवर चार महिने गेले होते. तरी मी पुरुष, मोटारसायकलवर, खात्यात जुना. आमच्यातली एक सिस्टर, मुस्लिम, भिवंडीकडची. एका पाड्यावर तिच्या हातून गोळ्या घ्यायला लोकांनी नकार दिला. ती एकटी होती, गाडी नव्हती, चार किलोमीटर चालत परत आली. दुसऱ्या दिवसापासून तिने ओळखपत्र उलटं घालायला सुरुवात केली. मला ते दिसत होतं. मी तिच्याशी त्यावर कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर मला माझंही बोलावं लागलं असतं. त्याच पाड्यावरच्या आशेने, ठाकर समाजाच्या, पुढच्या आठवड्यात तिचा हात धरून तिला घरोघर नेलं आणि म्हणाली, “माझी दोन्ही बाळंतपणं हिनेच केली. गोळी घ्या गुमान.”

मदत कुठे मिळते, हेही सांगायला हवं. आपल्याकडे अडचण अशी की ‘ठाण्याला पाठवू का?’ ही शिवी आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय म्हटलं की माणूस हबकतो. पण झोप न लागणं, रस न वाटणं यासाठी तिथे भरती व्हावं लागत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्या वेळी तो नव्हता. चालकाने शेवटी फोन केला तो त्यावरच, निम्मं बायकोच्या धाकाने. त्याने मला सांगितलं की पहिल्यांदा त्याने फोन लावून कापला, दुसऱ्यांदाही कापला, तिसऱ्यांदा समोरच्याने नाव विचारलं नाही म्हणून बोलला.

पण सगळंच फोनवर ढकलू नका, ही माझी अधिकाऱ्यांना विनंती आहे. बाई थकली आहे आणि तिच्या उपकेंद्राच्या संडासाला पाणी नाही, अशा वेळी तिला समुपदेशन देणं म्हणजे जखमेवर अत्तर. उपकेंद्रात न्हाणीघर आणि पाण्याची टाकी द्या, जिथून ती घरी जाण्याआधी धुऊन-पुसून निघेल. ड्युटीचा तक्ता करताना एक तरी बाई बसवा. आशेचा मोबदला ठरल्या तारखेला द्या, तारीख कळली तरी निम्मी झोप परत येते. आणि साहेब लोकांनो, रागवायचं असेल तर फोन करा, ग्रुपवर लिहू नका. पुरुषांना ‘टेन्शन आहे का?’ असं विचारू नका, ‘नाही’ असंच येणार. ‘रात्री किती वाजता जाग येते?’ असं विचारा. याचं उत्तर येतं. मला माझ्या बायकोने हेच विचारलं होतं, पडवीत चुलीपुढे बसून. मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, मी पण. इतक्या महिन्यांत आम्ही दोघं त्याच अंधारात जागे होतो आणि एकमेकांना झोप लागली आहे असं समजत होतो. तिची तर कुठल्याच अभ्यासात मोजणी नाही. ती आरोग्य कर्मचारी नव्हती. माझे कपडे मात्र तीच धूत होती.

इथे येण्यापूर्वी मी त्या ओट्यावरच्या आशाताईला फोन केला. विचारलं, तुझं सांगू का? आज ती इथे नाही, तिच्याकडे क्षयरोगाचं सर्वेक्षण चालू आहे. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सांगा सर. गावाचं नाव नको, माझं नाव नको. आणि पाण्याचं नक्की सांगा. अजून तेच आहे.”